खाज, पित्त आणि आक्काची गोळी

मंडळी, आजचा धडा पित्ताचा आहे. पण तुम्ही समजता त्या पित्ताचा नाही.

आपल्या बोलण्यात या एका शब्दाला फार कामे पडतात. जेवायला उशीर झाला, डोके दुखले, घशाशी आंबट आले, की आपण म्हणतो, "पित्त झालं." अंगावर लाल गांधी उठल्या की म्हणतो, "पित्त उठलं," आणि आमसुलाचे पाणी चोळतो. कोणी रागावला तर त्याचेही पित्तच खवळते. डॉक्टर ज्याला पित्त म्हणतात ते या तिन्हींहून निराळे आहे. हा फरक आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हता. मलाही नव्हता. त्यापायी माझ्या थोरल्या बहिणीची दोन वर्षे हकनाक गेली.

तिची हकिकत तिला विचारूनच सांगतो आहे. "सांग की. नाव तेवढं छापू नकोस," असे ती म्हणाली. आम्ही तिला आक्का म्हणतो. तुम्हीही आक्काच म्हणा.

२०१२ सालचा पावसाळा होता. आक्काला त्रेपन्नावे वर्ष लागले होते. तिचे तळहात आणि तळपाय खाजू लागले. दिवसा कामाच्या नादात फारसे जाणवायचे नाही. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की सुरू. हळूहळू हात, पाय, खांदे, सगळे अंग खाजू लागले. ती मध्यरात्री उठून उंबऱ्याच्या दगडावर तळपाय घासत बसायची.

शेजारीण म्हणाली, "पित्त उठलंय." आमसूल चोळून झाले. पण पित्त उठते तेव्हा अंगावर गांधी येतात, आणि काही वेळाने जातात. आक्काच्या अंगावर गांधी नव्हत्या, पुरळ नव्हते, काही नव्हते. नुसती खाज. मग कोणी म्हणाले, खरूज आहे. गंधकाचे मलम झाले, कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी झाले. आता पाहा, खरूज असती तर बोटांच्या बेचक्यांत बारीक फोड दिसले असते, आणि घरातल्या पोरांनाही ती लागली असती. घरात माणसे आठ, आणि खाजवत होती एकटी आक्का. इतके साधे गणित आम्हांला सुटले नाही. मी शाळेत जन्मभर मुलांना "नीट निरीक्षण करा" म्हणून सांगत आलो, आणि घरात मात्र माझे डोळे मिटलेले!

तिचे ताट वेगळे झाले. तांब्या वेगळा झाला. नातवाला तिच्या मांडीवर देईनात. सून वाईट नव्हती हो, घाबरली होती. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांना दाखवले. त्यांनी खाजेच्या गोळ्या दिल्या आणि वर्षभर त्याच चालू ठेवल्या. रक्त तपासा, असे काही ते म्हणाले नाहीत, आणि आम्हीही विचारले नाही.

खाजेबरोबर थकवा आला. थकवा म्हणजे कसा? रात्रभर झोपूनही सकाळी दळण डोक्यावर घेववत नाही, असा. घरात कुजबुज झाली की आक्का आता कामाला टाळते. हे बोल तिला खाजेपेक्षा जास्त लागले.

पहिली खूण माझ्या पत्नीला दिसली. आक्काच्या पाठीला तेल लावताना ती म्हणाली, "वन्सं, तुमचे खांदे नि कंबर काळवंडलीय, आणि पाठीचा मधला भाग कसा पहिल्यासारखाच राहिलाय?" कारण सोपे होते. जिथे हात पोचत होता तिथे आक्का खाजवत होती. खाजवून खाजवून कातडी काळी पडली होती. जिथे हात पोचत नव्हता, तिथली कातडी जशीच्या तशी होती. म्हणजे रोग कातडीत नव्हता. खाज आतून येत होती. पुढे जिल्ह्याच्या डॉक्टरीणबाईंनी आक्काची पाठच आधी पाहिली. मग डोळ्यांच्या नाकाकडच्या कोपऱ्यात पापणीवर आलेले पिवळट, मऊ उंचवटे पाहिले, आणि लगेच म्हणाल्या, "यकृताचं रक्त तपासू या."

यकृत म्हणजे लिव्हर. उजव्या बाजूच्या बरगड्यांखाली ते असते. मोठ्या माणसाच्या यकृताचे वजन सव्वा ते दीड किलो भरते. खाल्लेल्या अन्नाचा रस रक्तातून यकृताकडे येतो. त्यातले कामाचे ठेवायचे, विषारी असेल ते मोडायचे, अशी शेकडो कामे ते करते. त्यातलेच एक काम पित्त तयार करण्याचे. हे पित्त हिरवट पिवळे आणि कडू असते. रोज अर्धा लिटर ते एक लिटर तयार होते. ते आतड्यात उतरते आणि तेला-तुपाचे पचन करते. खरकट्या भांड्याचा ओशटपणा राखेने किंवा साबणाने सुटतो ना, तसे पित्त चरबी सोडवते.

हे पित्त यकृतातून बाहेर कसे येते? शेतातल्या पाण्यासारखे समजा, फक्त उलट. शेतात मोठ्या पाटातून चारीत आणि चारीतून सरीत पाणी जाते. यकृतात आधी केसाहून बारीक नळ्या असतात. त्या एकमेकींना मिळत मिळत मोठ्या होतात, आणि शेवटी एकच मोठी नळी आतड्यात उतरते. या नळ्यांना पित्तनलिका म्हणतात. पित्ताची पिशवी, जिच्यात खडे होतात, ती याच वाटेवर एका बाजूला लोंबते.

मोठ्या नळीत खडा अडकला तर तो सोनोग्राफीत दिसतो आणि काढता येतो. आक्काच्या मोठ्या नळीत काही नव्हते. तिचे दुखणे आतल्या बारीक नळ्यांत होते. या रोगात त्या बारीक नळ्यांना सूज येते, आणि मग त्या एक एक करून नाहीशा होतात. पित्ताला वाट राहत नाही. ते यकृतातच तुंबते. तुंबलेले पाणी शेत खराब करते, तसे हे पित्त यकृताला इजा करते. इजेच्या जागी वण पडतात. वणांवर वण पडून मऊ यकृत निबर होते. पण हे सारे फार सावकाश होते. दहा वर्षे, वीस वर्षेही लागतात. पित्तातली द्रव्ये रक्तात साठतात आणि अंगाला खाज सुटते. खाज जास्त म्हणजे रोग जास्त, असा मात्र हिशेब नाही. थोड्या रोगात प्रचंड खाज असते, आणि कोणाकोणाला मुळीच नसते.

नळ्यांचा नाश कोण करते? आपलेच रक्त. आपल्या रक्तात राखणदार असतात. बाहेरून जंतू आला की ते त्याला मारतात. या रोगात राखणदाराची ओळख चुकते. अंधारात त्याला घरचे वासरू आणि लांडगा यांतला फरक कळत नाही, आणि तो वासरावर काठी चालवतो. ओळख का चुकते याचे पूर्ण उत्तर नाही. थोडे आनुवंशिक आहे, थोडे बाहेरचे काही निमित्त होते. पण दोन गोष्टी पक्क्या. हा रोग स्पर्शाने, उष्ट्याने, एका तांब्यातून पाणी प्याल्याने लागत नाही. आणि दहा रोग्यांत आठ-नऊ स्त्रिया असतात, बहुतेक चाळिशीच्या पुढच्या. आईला किंवा बहिणीला हा रोग असेल तर दुसरीला होण्याचा संभव थोडा जास्त असतो. तिलाही खाज किंवा थकवा असेल, तर डॉक्टरांना तसे सांगून रक्त तपासून घ्यावे.

तपासणीच्या कागदावर आकड्यांची रांग होती. त्यातला एक आकडा डॉक्टरीणबाईंनी लाल शाईने गोल केला. अल्कलाइन फॉस्फेटेज. कागदावर पुष्कळदा नुसते ए-एल-पी लिहिलेले असते. पित्ताची वाट अडली की हा आकडा चढतो. निरोगी माणसाचा आकडा किती असावा हे त्याच ओळीत पुढे छापलेले असते. तिथे शेवटचा आकडा १३० होता, आणि आक्काचा होता ४१२. मग आणखी एक तपासणी झाली, ए-एम-ए नावाची. या रोगाच्या दहांतल्या नऊ जणांच्या रक्तात ही खूण सापडते. कागदावर 'पॉझिटिव्ह' असे आले. आमचा भाचा खुशीत म्हणाला, "पॉझिटिव्ह आलंय, म्हणजे बरंय की!" नाही बरे. तपासणीत पॉझिटिव्ह म्हणजे, जे शोधत होतो ते सापडले.

ही तपासणी निघाली १९६५ साली, लंडनमध्ये. ती काढणाऱ्यांत दोन बाया होत्या. एक डेबोरा डोनियाक, दुसऱ्या शीला शेरलॉक. शेरलॉकबाई यकृताच्या रोगांतल्या फार मोठ्या डॉक्टर. रोगाचे पहिले वर्णन त्याहून जुने आहे. १८५१ साली लंडनच्याच ॲडिसन आणि गल या डॉक्टरांनी ते लिहिले.

आता जे सांगणार आहे ते माझ्या मनाला फार लागलेले आहे. आक्काचा रोग कळला तो २०१४ च्या जानेवारीत. कागदावर रोगाचे नाव होते प्रायमरी बिलिअरी सिरॉसिस. भाच्याने ते मोठ्याने वाचले. ओसरीवर दोघे-तिघे बसलेले होते. आता आपल्याकडे सिरॉसिस हा शब्द कोणाच्या तोंडी असतो? दारूने यकृत सडले त्याच्या. संध्याकाळपर्यंत गावभर झाले की आक्का चोरून पिते! जिने जन्मात ताडीचा थेंब तोंडाला लावला नाही, तिच्या पाठीमागे बायका पाणवठ्यावर हसू लागल्या. नणंदेने तर तोंडावर विचारले. आक्काने उत्तर दिले नाही. आठ दिवस ती घराबाहेर पडली नाही.

हा त्रास एकट्या आक्कालाच झाला असे नाही. विलायतेतल्या रोगी बायकांचीही हीच तक्रार होती. शिवाय ते नाव खोटेही होते. कारण बहुतेकींचे यकृत रोग कळतो तेव्हा सिरॉसिसपर्यंत, म्हणजे पुरते निबर होण्यापर्यंत, गेलेलेच नसते. रोग्यांच्या संस्थांनी आणि डॉक्टरांनी मिळून २०१५ साली ते नाव बदलले. आता कोलँजायटिस म्हणतात, म्हणजे पित्तनलिकांची सूज. पहिली अक्षरे जुळतात म्हणून पी-बी-सी हे थोडक्यातले नाव तेच राहिले. मी नव्या नावाचा कागद डॉक्टरीणबाईंकडून मागून आणला आणि ओसरीवर सगळ्यांसमोर वाचून दाखवला. हा रोग दारूने होत नाही, हे वाक्य दोनदा वाचले. रोग झाल्यावर मात्र दारू पिऊ नये, हे खरे. ती यकृताला आणखी इजा करते.

लिव्हरचे दुखणे म्हणजे कावीळ, आणि काविळीला माळ, हे तर आपल्याकडे ठरलेलेच. आक्कालाही नेले. डोक्यावर माळ ठेवली. रोज ती थोडी थोडी लांबून खाली उतरते आणि तिच्याबरोबर कावीळ उतरते, असे सांगतात. माळ लांबते हे खरे आहे. हिरव्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात आवळलेले असतात. काड्या वाळल्या की बारीक होतात, गाठी सैल पडतात, आणि माळ लांबते. खुंटीला टांगलीत तरी लांबेल. तसेच ते चुन्याचे पाणी. आंब्याच्या सालीचा रस हाताला चोळून हात चुन्याच्या निवळीत बुडवला की पाणी पिवळे होते. निरोगी माणसाच्या हातानेही होते. मग लोक बरे कसे होतात? दूषित पाण्यातून होणारी नेहमीची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच बरी होते, आणि श्रेय माळेला मिळते. आक्काचा रोग आपोआप बरा होणारा नाही. त्यात डोळे पिवळे होतात ते शेवटी शेवटी. पिवळेपणाची वाट पाहत बसले तर फार उशीर होतो.

औषधाची गोष्ट गमतीची आहे. औषधाचे नाव अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड. एवढे मोठे नाव वाचताना अडखळलात तर लाजू नका, मीही अडखळतो. त्यातले 'अर्सो' हे अस्वलाच्या लॅटिन नावावरून आले आहे. हे द्रव्य अस्वलाच्या पित्तात भरपूर असते. १९२७ साली जपानमध्ये ते शुद्ध करून वेगळे काढले. आता ते कारखान्यात तयार होते, त्यासाठी अस्वल मारावे लागत नाही. अमेरिकेच्या सरकारने या रोगासाठी १९९७ साली त्याला परवानगी दिली. ही गोळी पित्त पातळ आणि सौम्य करते, ते वाहते ठेवते. त्यामुळे पुष्कळ रोग्यांत यकृताची खराबी रोखली जाते. रोग समूळ जात नाही. गोळी रोज, जन्मभर घ्यायची.

आणि इथेच आक्का फसली. तिला वाटले, गोळी खाजेची आहे. सहा महिने घेतली, तरी खाज होतीच. "खाज जाईना, मग पैसे कशाला घालवायचे?" म्हणून तिने कोणाला न सांगता गोळी सोडली. चार महिन्यांनी रक्त तपासले. १७० वर उतरलेला आकडा पुन्हा ३५० झाला होता. डॉक्टरीणबाई रागावल्या, मग शांत झाल्या, आणि त्यांनी नीट समजावले: ही गोळी खाजेसाठी नाही, यकृत वाचवण्यासाठी आहे. खाजेचे औषध वेगळे. ती एक पूड असते, पाण्यात कालवून घ्यायची. ती आतड्यातच पित्ताला धरून ठेवते. पण ती इतर औषधांनाही धरून ठेवते, म्हणून पूड आणि गोळी यांत चार तासांचे अंतर हवे. पुडीने भागले नाही तर आणखी औषधे आहेत. पूड सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी आक्का प्रथमच सबंध रात्र झोपली. गार पाणी, सैल सुती कपडे, कापलेली नखे आणि कोरड्या कातडीला खोबरेल तेल, यांनीही बरे वाटते.

त्याच साली आक्का आपल्या रात्रीच्या वर्गात येऊ लागली. तिचे म्हणणे असे, "पाकिटावर काय लिहिलंय ते माझं मला कळलं पाहिजे. दर वेळी कोण वाचणार?" औषधाच्या पाकिटावर तीन गोष्टी पाहायच्या. औषधाचे नाव. मिलिग्रॅमचा आकडा. आणि कोणत्या महिन्यापर्यंत चालेल ती तारीख. अक्षरे इंग्रजी असतात, पण आकडे ओळखायला फार दिवस लागत नाहीत. एकदा दुकानदाराने ३०० ऐवजी १५० ची गोळी दिली. आक्का तशीच माघारी गेली आणि बदलून घेऊन आली. शाळेत एवढी वर्षे काढली, पण त्या दिवशी झाला तेवढा आनंद मला क्वचितच झाला.

पथ्याचेही सांगतो. कावीळ म्हटली की आपण तेल, तूप, हळद बंद करतो आणि माणसाला उसाच्या रसावर ठेवतो. हळद पिवळी म्हणून ती कावीळ वाढवते, यात तथ्य नाही. या रोगात पोट मारणे तर अगदी चुकीचे. भाकरी, डाळ, दूध, भाज्या, चालत असेल त्यांनी अंडी-मासे, सगळे खावे. पित्त आतड्यात कमी उतरले की ड जीवनसत्त्व अंगी लागत नाही आणि हाडे ठिसूळ होतात. म्हणून डॉक्टर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देतात. चालत राहावे, थोडे उन्हात बसावे.

झाडपाल्याचे औषध कधीच बाधत नाही, असे मानू नये. २०२० साली करोनाच्या साथीत पुष्कळांनी गुळवेलीचा काढा घेतला. त्यांतल्या सहा जणांच्या यकृताला सूज आल्याची हकिकत मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला ती मान्य झाली नाही. वाद असेल तो असो. ज्याचे यकृत आधीच दुखावले आहे त्याने कोणतीही पूड, काढा, भस्म डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोळीने सगळ्यांचाच आकडा उतरत नाही. वर्षभराने पुन्हा तपासतात, आणि उतरला नसेल तर जोडीला दुसरे औषध देतात. २०२४ साली अमेरिकेत अशा रोग्यांसाठी दोन नव्या औषधांना परवानगी मिळाली. यकृत अगदीच निकामी झाले तर दुसऱ्याचे यकृत बसवतात. आपल्या देशात १९९८ सालापासून ही शस्त्रक्रिया यशस्वी होत आली आहे. खर्च फार येतो. आक्कावर ती वेळ आलेली नाही.

गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपायांना खाज सुटली तर तो रोग वेगळा. तिथे मात्र थांबू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे, कारण पोटातल्या बाळाला धोका असतो.

आता आजचे गणित. या गोळीचे प्रमाण वजनावर ठरते. एका किलोला रोज १३ ते १५ मिलिग्रॅम. आक्काचे वजन तेव्हा ४५ किलो होते. ४५ गुणिले १३ म्हणजे ५८५. ४५ गुणिले १५ म्हणजे ६७५. ३०० च्या दोन गोळ्या म्हणजे ६००, म्हणून डॉक्टरीणबाईंनी दोन गोळ्या लिहून दिल्या. आता आक्का नीट जेवते, नातवामागे धावते, आणि तिचे वजन ५१ किलो झाले आहे. दोन गोळ्या पुरतील का? पाटीवर मांडून पाहा. आक्काने मांडले, उत्तर कागदावर लिहिले, आणि तो कागद घेऊन ती सोमवारी डॉक्टरीणबाईंना विचारायला जाणार आहे.